राजी, गोलू आणि महाबलासुर : हातून निसटलेल्या एका खेळाविषयी

संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, व्हिडिओ गेम. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी फार सौजन्याने विचारलं, "म्हणजे सर, दुष्परिणाम, ना?" मी म्हटलं, नाही, इतिहास. त्यानंतरची शांतता आणखी लांब होती. तरी त्यांनी मला बोलावलं, आणि या वयात सांडोरहून फार लांब जावं लागलं नाही, म्हणून आभार मानतो.

आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं. माझ्या पिढीला पडद्यावरचा खेळ म्हटलं की मूल वाया गेलं असं वाटतं. मलाही वाटायचं. टाळेबंदीच्या वर्षी नातू आमच्याकडे अडकला, शाळा मोबाईलवर, आणि बाकीचा दिवस तो एका छोट्या यंत्राला चिकटलेला. एका संध्याकाळी मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो, तर पडद्यावर एक मुलगी हातात त्रिशूळ घेऊन दगडी खांबावर चढत होती, मागे राजस्थानी झरोके होते, भिंतीवर महिषासुरमर्दिनी. मी विचारलं, हे कुठलं रे? तो म्हणाला, "आजोबा, हा पुण्याचा आहे."

त्या एका वाक्याने मी खुर्ची ओढून बसलो. पुढे त्याने मला खेळायला शिकवलं. जाणकार मुलं तो खेळ पाच-सहा तासांत संपवतात, मला अकरा संध्याकाळी लागल्या. आमच्या बोटांना आता बटणं ओळखू येत नाहीत, आणि प्रत्येक वेळी मी मेलो की नातू म्हणायचा, "आजोबा, उडी मारून बाजूला व्हा ना." जणू प्रत्यक्षात मला ते जमतंच!

खेळाचं नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. ऑगस्ट 2020 मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर. जगातल्या खेळांना वर्षाअखेरीस जे मोठे पुरस्कार दिले जातात, 'द गेम अवॉर्ड्स', त्यात पहिल्याच कलाकृतीसाठी असलेल्या विभागात त्याला त्या वर्षी नामांकन मिळालं. भारतातल्या खेळाला अशी दाद क्वचित मिळते. आणि तरीही मी आज म्हणणार आहे की हा खेळ निराश करतो. तसं का म्हणतो, आणि तसं म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का, या दोन गोष्टींत आजचा वेळ जाईल.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे खेळ बनवण्याचा धंदा गेल्या शतकाच्या शेवटी सुरू झाला. बंगलोरची ध्रुवा इंटरॅक्टिव्ह 1997 ची. पण त्या धंद्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या खेळांसाठी राबण्याचा होता. परदेशात कथा ठरायची, नियम ठरायचे, आणि आपली मुलं त्यातल्या गाड्या, झाडं, भिंती, बुटांच्या नाड्या रंगवायची. काम उत्तम करायची, हे सांगायला हवं. वसईच्या माणसाला ही गोष्ट चटकन समजते. आमच्या वाड्यांतली केळी मुंबईला जायची, भाव तिकडे ठरायचा. पिकवणारे आम्ही, पण बाजार आमचा नव्हता.

आपल्या कथा सांगायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. भगतसिंगांवर एक नेमबाजीचा खेळ या शतकाच्या सुरुवातीला आला होता. 2009 मध्ये हैदराबादच्या एका संस्थेने 'हनुमान : बॉय वॉरियर' केला, प्लेस्टेशन 2 साठी. त्यावर अमेरिकेतून आक्षेप आला की देवाला बटणं दाबून नाचवणं बरोबर नाही. मला तो आक्षेप अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मी कॅथलिक घरात वाढलो. सेंट जॉर्जला बटणाने घोड्यावरून पाडता येतंय, असं कुणी दाखवलं असतं तर माझ्या आजीने ते यंत्र विहिरीत टाकलं असतं. मात्र हनुमानाच्या त्या खेळाची खरी अडचण श्रद्धेची नव्हती. तो खेळ म्हणूनच कच्चा होता, आणि तसाच विसरला गेला.

मग बाहेरचे लोक आपल्याकडे आले. 2016 मध्ये एका ब्रिटिश संस्थेने 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेतला छोटा खेळ 1841 च्या अमृतसरात बेतला, कोहिनूर वगैरे घालून. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या संस्थेचा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' आला. तो मुख्यतः पश्चिम घाटात घडतो. होयसळांची नगरं, गणपतीचा तुटलेला दात आणि तो तोडणारा परशुराम, हे सगळं त्यात आहे. आता बघा, परशुराम! इथून थोड्या अंतरावर सोपारा. परंपरा सांगते की शूर्पारक ही परशुरामाची भूमी. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला, अशोकाच्या लेखाचे तुकडेही तिथेच सापडले. आणि परशुरामाच्या परशूवर कोडं रचायची कल्पना सुचली ती कॅलिफोर्नियात. मी चिडून सांगत नाही, त्यांनी काम मन लावून केलं. पण जरा टोचतं.

या पार्श्वभूमीवर राजीकडे पाहायचं. 2017 मध्ये या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही. तिथे नियम असा की रक्कम पूर्ण जमली नाही तर एक पैसाही मिळत नाही. पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, पण मधल्या काळात काम चालू राहावं म्हणून श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. मंडळी, मराठी माणसाला घर विकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हे कळल्यावर माझी पंचाईत झाली. ज्या बाईंनी घर विकून एक वस्तू घडवली, तिला मी वाचनालयाच्या खुर्चीत बसून "निराशाजनक" म्हणायचं?

आमच्याकडे एक सोय आहे : "आपल्या माणसांनी केलंय ना, मग छानच." ही सोय मी नाकारतो. मी चाळीस वर्षं पेपर तपासले. गरिबीतून आलेल्या मुलाला दया दाखवून साठ गुण दिले की त्याचा अपमान होतो, हे मला पहिल्या दहा वर्षांत कळलं नाही. नंतर कळलं. राजीला ज्यांनी परदेशात गंभीरपणे तपासलं, लढाई तोचतोचपणाची आहे, शेवट अर्धवट आहे असं स्पष्ट लिहिलं, त्यांनी तिला बरोबरीचा मान दिला. आपण बहुतेकांनी फक्त अभिमानाचे संदेश पुढे पाठवले. ते पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी खेळ विकत घेतला असेल, मला शंका आहे.

आता खेळात आहे काय, ते सांगतो. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही अनाथ मुलं, सर्कशीत कसरती करणारी. रक्षाबंधनाचा दिवस. असुरांची धाड पडते. पूर्वी कधीतरी देव-असुरांचं महायुद्ध झालं होतं, त्यात असुर हरले होते, आता ते सूड घ्यायला आलेत. त्यांचा राजा महाबलासुर. मुलं पळवली जातात, गोलूही जातो. दुर्गा राजीला निवडते, त्रिशूळ देते. पुढे विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य मिळतं, मग तलवार आणि ढाल. राजी भावाला शोधत किल्ले, महाल, पाणी, वाळवंट पार करते. सगळी कथा दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसात बोलतात, आणि ते बोलणं आपण ऐकतो. ही युक्ती मला फार आवडली. हनुमानाच्या वेळची अडचण तिने सोडवली : देव बघणारे, आणि खेळणारा हात एका सर्कशीतल्या पोरीचा.

दिसायला तर काय! पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी वास्तू, आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर केलेले. भिंतींवर मोठी चित्रं आहेत, त्यांच्याजवळ उभं राहिलं की देव त्या चित्रातली कथा सांगतात. मी एकेका चित्रापाशी एवढा वेळ थांबायचो की नातू कंटाळून पाणी प्यायला जायचा. मधे गोल मंडलाची कोडी आहेत : वर्तुळाचे तुकडे फिरवायचे, आणि ते जुळले की राजी-गोलूच्या बालपणीचं एक चित्र पुरं होतं. या कोड्यांपाशी मी एकदा चक्क गहिवरलो. तुटलेली आठवण हाताने फिरवून जुळवायची. इथे हात जे करतो आणि मन जे समजतं ते एकच आहे.

पण हे मोजक्या ठिकाणी. बाकी वेळ काय होतं? एक गोल अंगण येतं, दारं बंद होतात, असुर उगवतात, मारायचे. मग पुन्हा चालणं, पुन्हा अंगण, पुन्हा तेच असुर. सर्कशीतली मुलगी म्हणून ती खांबावर चढून झेप घेते, भिंतीला पाय लावून उलटी येते, हे सुरुवातीला मजेचं वाटतं. आठव्या अंगणात हात यंत्रासारखा चालतो आणि डोकं रिकामं राहतं. आणि खेळाच्या शेवटाकडे, गोष्ट आता कुठे सुरू झाली असं वाटत असताना, पडदा पडतो. नातवाने यंत्र माझ्या हातातून घेऊन तपासलं, काही दाबायचं राहिलं का म्हणून. नव्हतं राहिलं.

इथे मी तुम्हाला आपल्या एका जुन्या खेळाकडे नेतो. मोक्षपट. ज्ञानेश्वरांनी तो केला असं आपल्याकडे सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. जे पट आज आपल्यापुढे आहेत ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. पण खेळ बघा कसा आहे : सापाच्या तोंडी दुर्गुण, शिडीच्या पायाशी सद्गुण, वर मोक्ष. साप शिड्यांपेक्षा जास्त. कवड्या पडतील तसं सरकायचं, निवड शून्य. वर पोहोचता पोहोचता एखादा अहंकाराचा साप तुम्हाला पार खाली आणतो. कुणी प्रवचन देत नाही. तुमचं बोटच खाली घसरतं आणि पोटात धस्स होतं. तो धस्सपणा म्हणजेच शिकवण. 1890 च्या दशकात हाच खेळ इंग्लंडात 'स्नेक्स अँड लॅडर्स' होऊन विकायला लागला. हळूहळू साप आणि शिड्या सारख्या झाल्या, चौकोनांतली नावं गळून पडली, उरली मुलांची करमणूक. चित्रं बदलली म्हणून अर्थ गेला असं नव्हे. नियम बदलला, म्हणून गेला.

राजीत नेमकं उलटं झालंय. सगळा अर्थ भिंतीवर आहे. ज्या क्षणी देव बोलतात त्या क्षणी हात थांबलेला असतो, आणि ज्या क्षणी हात चालतो त्या क्षणी कथा थांबलेली असते. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, पण बुवा दोन्हीकडे एकच धागा ओढत असतात. इथे दोन वेगळे कार्यक्रम एकाआड एक चालू आहेत.

हे एकत्र आणता येतं का? येतं, आणि त्याचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. 2003 मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' आला. भारतातल्या एका महाराजाच्या नगरीवर इराणी राजपुत्र चालून जातो, तिथून तो सुरू होतो, आणि नायिका फराह त्या महाराजाची मुलगी. राजपुत्राजवळ एक खंजीर असतो, त्याने काळ मागे फिरवता येतो. चुकलं की बटण दाबा, उडी उलटी फिरते. आणि सबंध खेळ म्हणजे राजपुत्र कुणाला तरी सांगत असलेली गोष्ट असते. तुम्ही मेलात की तो म्हणतो, नाही, असं घडलंच नव्हतं, चुकून सांगितलं. म्हणजे पश्चात्ताप हा त्या कथेचा विषय आणि पश्चात्ताप हीच बोटाची हालचाल. राजीच्या मंडळींनी त्या खेळाचा प्रभाव घेतलाय, तिच्या कसरतीत तो सरळ दिसतो. कसरत घेतली. खंजीर राहिला.

गंमत, खरं तर गंमत नाही, अशी की त्याच खेळाची नवी आवृत्ती सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झाली आणि ती करत होते यूबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. राजीच्या पाठोपाठ, महिन्याच्या अंतराने. पहिली झलक दिसताच जगभर तिची टिंगल झाली, चेहरे जुनाट म्हणून. तारखा पुढे गेल्या, आणि 2022 मध्ये ते काम आपल्याकडून काढून कॅनडात माँट्रियलला नेण्यात आलं. एकाच पावसाळ्यानंतर पुण्यातून दोन गोष्टी निघाल्या : एक फ्लॅट विकून केलेली, एक मोठ्या कंपनीच्या पैशाने. दोन्ही आपटल्या असं मी म्हणणार नाही. राजी तर नाहीच आपटली, 2022 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि त्यात हिंदी आवाजही आले. आधी पुण्यातली दुर्गा इंग्रजीत बोलत होती! मराठीची वाट आपण बघू.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. सगळे म्हणतात, खेळात "क्षमता" होती, वाया गेली. मी या वाक्यावर विद्यार्थ्यांना तासभर बसवलं असतं. घडा मातीत आधीपासून असतो का? सांख्य म्हणतात, असतो, दडलेला असतो. तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळूत नसतं म्हणून निघत नाही. न्यायवाले म्हणतात, छे, घडा ही नवी वस्तू आहे, कुंभार, चाक, काठी यांनी ती घडते, आधी ती नव्हतीच. "क्षमता वाया गेली" म्हणणारा नकळत सांख्य असतो. माझा कल नेहमी न्यायाकडे. बहुतेक निराशाजनक वस्तूंबाबत खरं उत्तर हेच असतं की चाक मोडकं होतं आणि कुंभाराला पगार नव्हता. राजीची लढाई तोचतोच का आहे? कारण नवा असुर घडवायला कित्येक महिने आणि माणसं लागतात, आणि इथे मूठभर माणसं होती. त्याला मी क्षमतेचा अपव्यय म्हणणार नाही. ती गरिबी आहे.

पण एका जागी मी सांख्य होतो. एका जागी तेल तिळात खरंच होतं.

असुरांच्या राजाचं नाव पुन्हा ऐका : महाबलासुर. दिवस कुठला? रक्षाबंधन. आता राखी बांधताना भटजी जो मंत्र म्हणतात त्याचा अर्थ आठवा : ज्या धाग्याने दानवांचा राजा महाबलशाली बळी बांधला गेला, त्याच धाग्याने मी तुला बांधतो. 'महाबल' हा शब्दच तिथे आहे, बळीचं विशेषण म्हणून. त्यामागची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. वामनाने बळीला पाताळात घातलं, पण त्याच्या दानशूरपणावर प्रसन्न होऊन विष्णू त्याचा द्वारपाल झाला. इकडे लक्ष्मी एकटी पडली. ती बळीकडे गेली, त्याला राखी बांधून भाऊ केलं आणि ओवाळणीत नवरा मागितला. म्हणजे असुराच्या दारात देव उभा आहे, आणि देवी असुराची बहीण झाली आहे. आणि खेळात कथा सांगणारा कोण? विष्णू!

मंडळी, हे सगळं टेबलावर मांडलेलं होतं. बहीण, भाऊ, राखी, दानवांचा महाबल राजा, आणि त्याच्या दाराशी पहारा केलेला विष्णू. त्यातच हा खेळ महाराष्ट्रात घडत होता. महाराष्ट्रात बळीचं काय स्थान आहे? दिवाळीत बलिप्रतिपदा, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळताना आपल्या बाया काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळीचं! वामनाचं नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, त्यात बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा आहे आणि खंडोबा, जोतीबा हे त्याचे अधिकारी. आजही आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो. म्हणजे पुण्यात, फुल्यांच्या गावात, बसून एका मुलीला राखीच्या दिवशी महाबलाविरुद्ध पाठवताना एक प्रश्न आपोआप तोंडावर यायला हवा होता : हा सूड घ्यायला का आलाय? त्याचं काय घेतलं होतं?

कुणी म्हणेल, सर, महाबलासुर वेगळा, बळी वेगळा. असेल. करणाऱ्यांच्या मनात काय होतं याचा दावा मी करत नाही. पण राजीला शेवटी त्याच्यासमोर उभं करून आपण फक्त त्याला मारतो. तिच्या हातात राखी नाही, त्रिशूळ आहे. कल्पना करा, त्या जागी खेळणाऱ्यासमोर एक निवड असती : मारायचं की बांधायचं? राखी बांधायला एक बटण पुरतं. त्यासाठी नवा असुर रंगवायला नको, नवं अंगण नको, आणखी एक फ्लॅट विकायला नको. लिहिणाऱ्याची एक संध्याकाळ लागली असती. म्हणून इथे मी गरिबीची सबब मान्य करत नाही. इथे तेल होतं आणि घाणा फिरवला नाही.

मी ख्रिस्ती माणूस, बळीची एवढी बाजू का घेतो असं कुणाला वाटेल. लहानपणी आमच्या शेजारी दिवाळीत मातीचा किल्ला व्हायचा आणि दीड महिन्याने आमच्या ओट्यावर नाताळचा गोठा. माती एकाच शेतातली. किल्ल्यावरचे दोन मावळे दर वर्षी आमच्या गोठ्यात मेंढपाळ होऊन यायचे, ढाल-तलवारीसकट, आणि कुणी हरकत घेत नसे. भाऊबीजेला शेजारची ताई मला ओवाळायची आणि तेच वाक्य म्हणायची. बळी कोण हे मला कळायच्या आधी त्याचं राज्य यावं असं मला वाटायला लागलं होतं. दिवाळीतला तो किल्ला हाही आमचा इतिहासाचा खेळच होता. त्यात कुणी जिंकत नसे, आणि चार दिवस रोज हळीवाला पाणी घालावं लागे, नाहीतर गडावरचं गवत वाळायचं.

आता मघाशी सुरुवातीला एका मुलाने, तो तिसऱ्या रांगेतला, मला विचारलं होतं की वसईच्या किल्ल्यावर असा खेळ करता येईल का. बाळा, येईल की. जागा तयार आहे. दर्या दरवाजा, जमीन दरवाजा, छप्पर उडालेली चर्चं, वर चढणारे गोल जिने. सध्या तिथे लग्नाआधीचे फोटो निघतात आणि सिनेमावाले येतात. कथाही तयार : 1534 ला पोर्तुगीज आले, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून सॅन सेबॅस्टियनचा बुरूज फोडला आणि किल्ला घेतला. घंटा उतरवून देशावर गेल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, 1721 साल कोरलेली. पोर्तुगीजांना मानाने निघून जाऊ दिलं गेलं.

पण मग मी तुला विचारतो, तू कुणाच्या बाजूने खेळणार? बुरुजावरून की सुरुंगाकडून? पुष्कळ मुलं पटकन सांगतील, मराठ्यांच्या. मीही सांगेन, माझी भाषा ती आहे. आणि तरी इथल्या गावठाणांतले आपले पूर्वज त्या दिवशी कुठे होते? त्यांना जहाजात जागा नव्हती आणि छावणीतही नव्हती. तहात एक कलम होतं की जे ख्रिस्ती इथे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. ते कलम आमच्या लोकांसाठी. पोर्तुगीज गोव्याकडे निघाले, आणि आमची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पाणी सोडायला गेली असणार, कारण केळीला तहाचं काही कळत नाही. त्या माणसाचा खेळ कसा करशील? त्याच्या हातात कुठलं बटण देशील? मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर चर्चच्या मागच्या गल्लीत ये, तिसरं घर. नातू आता अकरावीत आहे, त्याला चित्रं काढता येतात.

चला, इतर कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ.